नागभीडचा आवाज बारीक येतो

३ नोव्हेंबर १९८०, सोमवार

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी देवाजी भेटला. भेटला म्हणजे हवेतून. तो नागभीडजवळच्या त्याच्या खेड्यात, मी इथे शहराच्या कडेला खामल्यात, मध्ये साठ-पासष्ट मैल. आम्ही दोघांनी चौतीस वर्षं बिनतारी यंत्रावर नोकरी केली, आधी पलटणीत आणि मग पोलीस खात्यात. निवृत्त झाल्यावर हौशी लोकांना मिळतो तो परवाना काढला, भंगारातले भाग जमवून आपापल्या घरी यंत्रं उभी केली, आणि तेव्हापासून रोज सकाळी मोर्समध्ये गप्पा मारतो. अक्षरं रोमन, बोलणं मराठी. घरच्यांना ती नुसती टींटीं वाटते. मला त्यात देवाजीला सर्दी झाली आहे की नाही तेही कळतं.

आज त्याचा आवाज फारच बारीक होता. दसऱ्यापासून बारीक होत चालला आहे. आता यात लक्ष घालायला हवं, म्हणून ही वही काढली. लॉगबुकात वेळ आणि आवाजाची ताकद एवढंच लिहायचं असतं, दोष शोधताना डोक्यात काय चाललं आहे ते लिहायला तिथे जागा नाही. मी ठाण्याठाण्यांच्या ऑपरेटरना हेच शिकवत आलो: दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते लिहून ठेवा. आता स्वतःलाच शिकवायची वेळ आली.

५ नोव्हेंबर, बुधवार

एरियलपासून सुरुवात केली. गच्चीवरच्या लोखंडी खांबापासून मागच्या जांभळीपर्यंत तार आहे, ती खाली घेतली. जोड घासून पुन्हा डाग दिला, चिनी मातीचे लट्टू फडक्याने पुसले. बासष्टाव्या वर्षी शिडी चढलो म्हणून बायको, प्रयागबाई, खाली उभी राहून काहीबाही बोलत होती. काय ते कळलं नाही. दसऱ्याआधी तिने दातांची कवळी बसवली, तेव्हापासून तिचं बोलणं तोंडातल्या तोंडात असतं. डॉक्टरने माप चुकवलेलं दिसतं. तिला तसं सांगितलं तर ती रागावली.

तार वर चढवली. काही फरक नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी झाली. मुलाला, मधुकरला, कोराडीच्या वीज केंद्रात ऐन लक्ष्मीपूजनाला पाळी आली, म्हणून सूनबाई जया जरा हिरमुसलेली होती. यंदा फटाके फार कमी वाजले. महागाई म्हणावी तर गल्लीत कागदांचा खच पडला आहे.

अर्थिंगचा खांब उकरून त्यात कोळसा आणि मीठ भरलं, दोन बादल्या पाणी ओतलं. फरक नाही.

एक विचित्र गोष्ट. रिसीव्हरवर आवाजाची ताकद दाखवणारा काटा आहे. देवाजी बोलतो तेव्हा तो काटा पूर्वी जिथपर्यंत जायचा तिथपर्यंतच आजही जातो. आवाज निम्मा आणि काटा मात्र पूर्वीच्या जागी. तेव्हा काट्यातही दोष आहे. एका वेळी दोन दोष निघाले की शोध अवघड होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल सीताबर्डीला मनोहररावांच्या दुकानात व्हॉल्व्ह आणायला गेलो होतो. त्यांच्याकडे पूर्वी व्हॉल्व्हची कपाटंच्या कपाटं भरलेली असायची. आता समोर ट्रान्झिस्टर आणि कॅसेटचे डबे, व्हॉल्व्ह मागे एका खोक्यात. मनोहररावांनी एकेक फुंकून, धूळ पुसून दिला. म्हणाले, चंपतराव, आता तुम्ही दोघं-तिघंच उरले हे नेणारे.

आज तिन्ही व्हॉल्व्ह बदलले. यंत्र तापलं, तो जुना गरम धुळीचा वास खोलीत पसरला आणि मला जबलपूरची बराक आठवली. बेचाळीस साल. चाळीस पोरं लाकडी बाकांवर ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. तिथे देवाजी माझ्या डाव्या हाताला होता. मी काटोलकडचा, कुणब्याचा. तो नागभीडकडचा, गावकुसाबाहेरचा. त्या काळी त्यांच्या वस्तीतल्या माणसाच्या शेजारी बसायला काहींची तयारी नव्हती. माझी होती असं मी आज मोठेपणाने लिहीन, पण खरं सांगायचं तर मला जागाच तेवढी उरली होती. आठ दिवसांत कळलं की हा माझ्यापेक्षा जलद घेतो. मग मीच उठायला तयार होईना.

उस्ताद पाठमोरे उभे राहून नुसत्या टकटकीवरून सांगायचे, हा कोणाचा हात आहे. प्रत्येकाचा हात वेगळा. देवाजी लांब ठोक्यावर किंचित रेंगाळतो, गाणाऱ्याने स्वर धरून ठेवावा तसा. चौतीस वर्षं मी तो हात ऐकला. अकोल्याला पूर आला तेव्हा ऐकला, छप्पन साली राजधानी भोपाळला गेली तेव्हा अर्ध्या खात्याच्या बदल्यांचे हुकूम त्याच हातातून ऐकले. त्याच वर्षी दसऱ्याला त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी रजा मिळत नव्हती, म्हणून त्याची पाळी मी केली. संध्याकाळी तो पांढऱ्या सदऱ्यात कंट्रोल रूममध्ये आला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. पहाटेपर्यंत बसून होता.

व्हॉल्व्ह बदलून फरक पडला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सूर्यावरचे डाग यंदा फार आहेत असं मासिकात वाचलं. त्याने आकाशातली वाट बिघडते. पण मग देवाजीला माझा आवाज स्वच्छ कसा जातो? रोज विचारतो, रोज तो म्हणतो, पूर्वीसारखाच. त्याला पत्र लिहून कळवलं की तुझ्या ट्रान्समीटरची ताकद कमी झाली असावी, बघ. त्याने दोन दिवस खपून सगळं तपासलं. ताकद पूर्ण आहे म्हणतो.

एक फायदा मात्र झाला. टोनची घुंडी फिरवून आवाज खर्जात नेला की जास्त गोड लागतो. इतकी वर्षं मी उगीच वरच्या पट्टीत ऐकत होतो. आता घुंडी जवळजवळ शेवटाला नेऊन ठेवली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

मी डोकं धरून बसलो होतो, तेव्हा जया चहा घेऊन आली. ती भौतिकशास्त्र शिकलेली आहे, अकरावीच्या मुलींना शिकवते. म्हणाली, मामाजी, मी ऐकून बघू का? मी तिला हेडफोन दिला. तिने कानाला लावला आणि इस्त्रीचा चटका बसावा तसा झटक्याने काढला. कपातला चहा सांडला. कान चोळत माझ्याकडे बघत राहिली.

तिला सवय नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं.

मी आवाजाची घुंडी पाहिली, दहावर होती. अजून वर जायला जागा असती तर बरं झालं असतं.

नंतर स्वयंपाकघरात जया प्रयागबाईशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी आत गेलो तशा दोघी गप्प झाल्या. मुलाकडे काही गोड बातमी असावी. असेल तर सांगतील त्यांच्या वेळेला.

४ डिसेंबर, गुरुवार

गोकुळपेठच्या बाजारातून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आण म्हणून प्रयागबाईने सांगितलं. मी अंबाडीच्या दोन जुड्या आणल्या. पोह्यांवर काय अंबाडी घालू का म्हणाली. कवळीचं माप पुन्हा घ्यायला हवं, हे तिला कोण सांगणार?

परत येताना शंकरनगर चौकात एक स्कूटर अंगाला घासून गेली. मी सायकलवरून पडलो नाही, पण पिशवी पडली. तो तरुण थांबून ओरडत होता की इतका वेळ हॉर्न वाजवून राहिलो. हे लोक हॉर्न वाजवत नाहीत आणि वर दादागिरी करतात.

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो. खामल्याच्या मागच्या शेतांत या दिवसांत किड्यांची किरकिर असायची, कान किटायचे. यंदा एकही नाही. शेतात सारखी औषधं मारतात, त्याचा परिणाम.

९ डिसेंबर, मंगळवार

आज देवाजी पुष्कळ बोलला. त्याच्या बायकोचं, बायजावहिनींचं, नाव दोनदा लागलं. "शनि" लागलं. पुढे "डॉक्टर" होतं की "दिवाकर", कोणास ठाऊक. बाकी सगळं चाळणीतून गळाल्यासारखं गेलं. मी एकदा "पुन्हा सांग" म्हटलं. त्याने सगळं पुन्हा पाठवलं. तेव्हाही तेवढंच हाती आलं. वहिनींच्या गळ्याला गाठ आहे, मूल गावच्या डॉक्टरचं औषध चालू आहे, त्याबद्दलच असणार. शनिवारी कोणी पाहुणा यायचा असेल.

मी "आर" दिला. आर म्हणजे तुझा निरोप पूर्ण मिळाला. तिसऱ्यांदा विचारणं बरं दिसत नव्हतं. आमच्या खात्यात माझा कान नावाजलेला होता. पोस्टकार्ड टाकून काय ते विचारून घेईन.

१३ डिसेंबर, शनिवार, दुपार

आज देवाजी हवेत आलाच नाही. पाहुण्यांच्या गडबडीत असेल. बरंच झालं, मला सबंध दिवस मोकळा मिळाला. रिसीव्हर उघडून टेबलावर ठेवला आहे. एकेक कंडेन्सर तपासतो आहे. पोस्टकार्ड टाकायचं राहूनच गेलं. प्रयागबाईने तीनदा जेवायला बोलावलं म्हणते. मला एकदाच ऐकू आलं.

१४ डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळचं लिहितो.

पाचच्या सुमारास जया मागच्या खोलीत आली आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, देवाजीकाका आले आहेत. बाहेर सायकलरिक्षा उभी होती, मी तिची घंटा ऐकली नाही. बायजावहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळ्याभोवती पदर गुंडाळलेला, पण गाठ त्यातूनही दिसत होती, लिंबाएवढी. देवाजी पत्र्याची पेटी धरून उभा होता. मी म्हटलं, अरे, कळवायचं तरी.

देवाजीने पेटी खाली ठेवली. वहिनी बोलल्या. त्या जवळ होत्या आणि माझ्याकडे तोंड करून बोलत होत्या, म्हणून शब्द न् शब्द लागला.

"अकरा वाजल्यापासून इतवारीच्या टेशनावर बसली मी, भाऊजी. हे घडीघडी उठून बाहीर पाहून येत. मी म्हणो, चाला रिक्षा करू. हे म्हणत, चंपत येतेच, चुकामूक होईन."

रामदासपेठेतल्या मोठ्या सर्जनकडे त्यांचा नंबर होता. शनिवारी ते एकपर्यंतच तपासतात. अनोळखी शहरात दवाखाना शोधत हिंडायला नको म्हणून मी गाडीवर यायचं, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे देवाजीने मंगळवारी मला सांगितलं होतं. शेवटी पाऊण वाजता ते उठले, रिक्षा करून दवाखान्यात गेले, तर सर्जन निघून गेलेले. आता सहा जानेवारीचा नंबर मिळाला. ती गाठ तोवर तशीच राहणार. गाठ कसली आहे ते कोणालाच माहीत नाही.

मी म्हणालो की निरोप पोचला नाही, रिसीव्हर बिघडला आहे, महिनाभर मी तेच शोधतो आहे.

"तू आर देल्ला होता," देवाजी म्हणाला.

त्याने आवाज चढवला नव्हता, तरी मला ऐकू आलं. लॉगबुक समोरच होतं. त्याने ते उघडलंही नाही. मीच उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ९ डिसेंबर, ७.१०, देवाजी, सर्व ठीक, आर.

चहा झाल्यावर तो मागच्या खोलीत आला. टेबलावर पसरलेले भाग त्याने पाहिले, पाऊण तासात सगळं जागच्या जागी बसवलं. त्याचे हात अजून तसेच आहेत. यंत्र चालू केलं, हेडफोन कानाला लावणार तोच थांबला आणि आधी घुंडी पाहिली. दहावरची तीनवर आणली. टोन वर नेला. मग पेन्सिल घेऊन कागदावर लिहू लागला. कोणीतरी मद्रासकडचा माणूस हवामान सांगत होता. देवाजी लिहीत होता, ओळीमागून ओळ. मी हेडफोनची दुसरी बाजू कानाला लावली. मला काही ऐकू आलं नाही. काही म्हणजे काहीच नाही. कागद मात्र भरत होता.

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"चंपत, रेडिओत काही नाही गा. रेडिओ चांगला हाये."

मी विचारलं, मग काय? त्याने आपल्या कानाला बोट लावलं आणि खाली पाहत राहिला.

मी त्याला खोलीतून बाहेर जायला सांगितलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ डिसेंबर, सोमवार

ते दोघं सकाळच्या गाडीने परत गेले. मी उठलो नाही. उठलो होतो, पण बाहेर गेलो नाही.

आज ही वही पहिल्या पानापासून वाचली. कवळी, फटाके, काटा, सूर्यावरचे डाग, किडे, हॉर्न. प्रत्येक गोष्टीत दोष सापडला. एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणतो आणि टेबलाच्या अलीकडे कोण बसलं आहे ते एकदाही तपासलं नाही. घरात सगळ्यांना कळलं होतं. जयाला त्या दिवशीच कळलं. प्रयागबाईला त्याआधी.

पण कान गेला हे मला तितकं लागत नाही. वय झालं, जायचाच. मला तो आर लागतो. मला माहीत होतं की निरोप मिळालेला नाही. मंगळवारी, त्या घटकेला, मोर्सच्या चावीवर बोट असताना माहीत होतं. तरी आर दिला. खोटं बोललो, तेही देवाजीशी, आणि कशासाठी, तर चंपतरावांना दोनदा सांगावं लागतं असं कोणाला वाटू नये म्हणून.

अडुसष्ट साली वणीच्या ठाण्यावर गोविंदा नावाचा ऑपरेटर होता. त्याने निरोप पूर्ण न घेता आर दिला हे मी पकडलं आणि वर रिपोर्ट केला. त्याची पार जंगलातल्या सिरोंच्याला बदली झाली. जाण्याआधी मला भेटायला आला होता, काही सांगत होता. मी म्हटलं, या धंद्यात याला माफी नाही. त्याची बायको बाळंतीण होती, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

त्याला काय झालं असेल, त्यालाही ऐकू येत नसेल का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

जया मला धंतोलीच्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तरुण आहे, अदबीने बोलतो. आधी चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून कानाजवळ धरला, मग एका बंद खोलीत बसवून हेडफोन लावले आणि आवाज आला की हात वर करा म्हणाला. जन्मभर मी लोकांची अशी परीक्षा घेतली.

त्याने कागदावर आलेख काढला आणि समजावू लागला. मी म्हटलं, राहू द्या, मला वाचता येतो. खालच्या पट्टीत ठीक, पुढे रेघ उतारावरून घसरत गेलेली. बिघडलेल्या रिसीव्हरचे असले आलेख मी शेकड्यांनी काढले आहेत. अशा रिसीव्हरवर मी शेरा मारत असे: दुरुस्त होण्याजोगा नाही, काढून टाकावा.

डॉक्टर म्हणाला, इतकी वर्षं हेडफोन लावला, त्यात पलटणीत तोफांचे आवाज, त्याचं हे. परत येणार नाही. यंत्र लावा. जयाने रस्ता ओलांडताना माझा हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

२८ डिसेंबर, रविवार

यंत्र सोमवारीच मिळालं. काडेपेटीच्या दुप्पट आकाराची डबी सदऱ्याच्या खिशात, तिथून वायर कानात. सदरा हलला की वादळ सुटल्यासारखं वाटतं. भांडी घासताना स्वयंपाकघरात जाववत नाही. पण प्रयागबाईचं बोलणं स्वच्छ आहे. कवळी उत्तम बसली आहे. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, दोन महिने त्या बिचाऱ्या दातांच्या डॉक्टरले शिव्या घातल्या तुमी.

मोर्स मात्र या डबीतून जमत नाही. आवाज येतो तो चिरकलेला, ठोका कुठे संपला ते कळत नाही. आठवडाभर प्रयत्न केला. मग परवाना परत करत असल्याचं पत्र लिहिलं. पाकिटात घातलं आहे, तिकीट लावायचं आहे.

देवाजीला चार ओळींचं कार्ड टाकलं. सहा तारखेला गाडीवर येतो. चूक माझी होती. यापेक्षा जास्त लिहिता आलं नाही.

६ जानेवारी १९८१, मंगळवार

इतवारीला एक तास आधी जाऊन बसलो. छोट्या रुळांची ती गाडी झुकझुकत आली. वहिनी उतरल्या, मी पेटी घेतली. देवाजीने माझ्या कानातल्या वायरकडे पाहिलं आणि खिशातल्या डबीला हात लावून विचारलं, बॅटरी किती दिवस जाते? आम्ही रिक्षात बसेपर्यंत बॅटरीबद्दलच बोललो.

सर्जन म्हणाले, गाठ काढावीच लागेल. तारीख बारा.

१३ जानेवारी, मंगळवार

काल झालं. चार तास आम्ही दोघं बाकावर बसून होतो. देवाजी मधूनमधून काही बोलायचा, मी तोंडाकडे पाहून समजून घ्यायचो, समजलं नाही तर मान हलवायचो. मान हलवायची म्हणजे नाही अशी. हे मी आता शिकतो आहे.

गाठ साधी निघाली. देवाजीने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या तीन आठवड्यांत काही वेडंवाकडं झालं असतं तर मी हा हात कुठे ठेवला असता, हा विचार अजून जात नाही.

२१ जानेवारी, बुधवार

वहिनी आमच्याकडेच आहेत, टाके निघाले. आवाज बसला आहे, दोन-तीन महिने असाच राहील म्हणतात. आज दुपारी उन्हात बसल्या होत्या, मी संत्री सोलून देत होतो. शेवटी हिंमत करून म्हटलं की वहिनी, त्या दिवशी तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला. त्यांनी मला जवळ सरकायला खूण केली. कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या:

"झालं ते झालं, पण राग आला होता मले, खोटं काहून बोलू? आता एक करा. समजलं नसन तं इचारत जा, भाऊजी. इचारल्यानं का होते?"

मला "समजलं नसन" एवढंच लागलं. मी विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग हसल्या, आणि गळ्यावर हात दाबून थांबल्या.

२५ जानेवारी, रविवार

आज देवाजीने यंत्र चालू केलं. मी नको म्हणत होतो. त्याने हेडफोन काढून स्पीकर जोडला, टोन खर्जात नेला. मी त्याच्या शेजारी, स्पीकरच्या लाकडी खोक्यावर हात टेकून बसलो होतो. तळव्याला काहीतरी ठोठावतंय असं वाटलं. मी हात काढला नाही. देवाजीला म्हटलं, खोक्याची जाळी काढ. त्याने स्क्रू काढले. मी आतल्या काळ्या कागदी पडद्यावर दोन बोटं अलगद ठेवली.

लांब. आखूड. लांब. आखूड.

कलकत्त्याचा कोणी हौशी सगळ्यांना हाक मारत होता. मी देवाजीला अक्षरं सांगत गेलो, तो कागदावर तपासत गेला. दहातली सहा बरोबर आली. पूर्वी मी मिनिटाला पंचवीस शब्द घ्यायचो. आता पाच जमतील, फार तर सहा. जबलपूरला पहिल्या महिन्यात आम्ही दोघं यापेक्षा पुढे होतो.

तासाभराने बोटं बधिर झाली. देवाजी म्हणाला, उद्या डाव्या हाताची लाव.

३ फेब्रुवारी, मंगळवार

परवा ते दोघं गावी गेले. मी गाडीवर पोचवायला गेलो होतो. वहिनींनी खिडकीतून हात हलवला.

परवान्याचं पत्र अजून टेबलावर आहे. फाडलेलं नाही. जमेल की नाही मला माहीत नाही.

आज सात वाजता बसलो. खिशातली डबी बंद केली, दोन बोटं पडद्यावर ठेवली. सात वाजून चार मिनिटांनी देवाजीने हाक मारली. लांब ठोक्यावर तो रेंगाळतो ते बोटांना लगेच कळलं. कानाला इतकं स्पष्ट कधी कळलं होतं की नाही, आता आठवत नाही.

मग त्याने निरोप पाठवला. पहिल्यांदा सुरुवातीची तीन अक्षरं लागली आणि पुढचं गेलं. मी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा शेवट लागला, मधलं गेलं. विचारलं. तिसऱ्यांदा प्रयागबाई चहा घेऊन आली, माझं बोट हललं. विचारलं. चौथ्यांदा त्याने एकेक अक्षर सावकाश, मध्ये श्वास घ्यायला जागा सोडून पाठवलं, आणि मी ते उतरवून घेतलं.

विशेष काही नाही, असा निरोप होता.

प्रयागबाईने कागद वाचला आणि पदर तोंडाला लावून हसत आत गेली. तोवर देवाजीने विचारलं, तुझ्याकडे काय? जया कालपासून मोर्सचा तक्ता भिंतीला लावून पाठ करते आहे, मधुकरला आज सुट्टी आहे, प्रयागबाई पाटवड्या करणार आहे. मी सगळं सांगत बसलो. आठ वाजले.